चित्रपेटीच्या पोटातले पाणी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ४५ फुटांची धोक्याची रेषा मागे टाकून साडेसत्तावन्न फुटांच्या घरात गेले, तेव्हा पलूस तालुक्यातील भिलवडी, अंकलखोप, आमणापूर, बुर्ली, ब्रह्मनाळ ही नदीकाठची गावे पाण्याच्या वेढ्यात सापडली. आणि ब्रह्मनाळजवळ ८ ऑगस्टला नाव उलटून जी माणसे गेली त्यांच्या दुःखापुढे घरातील जिनसांच्या नुकसानीची गोष्ट काढणे कोणालाही जड जावे. तथापि पूर ओसरला, पंचनामे झाले, अंगणात गाद्या-गोधड्या आणि भिजलेले धान्य उन्हाला पडले, आणि मग ज्या वस्तूंकडे सर्वांत शेवटी लक्ष गेले त्यांत माझ्या मामांच्या सोप्यातील एक अवाढव्य दूरचित्रवाणी संच होता. सोप्यात अडीच फूट पाणी चार दिवस उभे होते. भिंतीवर त्याची जी काळसर रेघ उमटली होती तीच रेघ, त्याच उंचीवर, त्या संचाच्या लाकडी अंगावरही उमटली होती.

हा संच आज भिंतीला टांगल्या जाणाऱ्या सपाट पडद्यांच्या जातीचा नव्हे. लोक त्याला प्रोजेक्शन टीव्ही म्हणत. ५३ इंची पडदा, कपाटाएवढी खोली, आणि जागचा हलवायचा तर चार गडी लागत. क्रिकेटचा सामना असला की अर्धी आळी सोप्यात सतरंजीवर येऊन बसे, आणि या पडद्याची एक खोड मुलांनाही ठाऊक झाली होती, ती अशी की बसलेल्यास चित्र लख्ख दिसे, परंतु मागे उभ्या राहिलेल्यास तेच काळवंडलेले दिसे. ही खोड म्हणजे दोष नव्हे, तर एक तजवीज होती, आणि तिचे कारण यंत्राच्या रचनेतच आहे. ती रचना समजल्यावाचून त्याची दुरुस्ती समजणार नाही, म्हणून आधी थोडे तिच्याविषयी.

साध्या जुन्या टीव्हीत चित्रनलिकेची काच हाच पडदा असतो. काच जितकी मोठी तितकी ती जाड आणि जड करावी लागते, कारण आत निर्वात पोकळी असून बाहेरची हवा तिला सर्व बाजूंनी दाबत असते. सबब एका मर्यादेपलीकडे हा मार्ग खुंटतो. तेव्हा नळी लहानच ठेवून तिच्यावरचे चित्र भिंगाने मोठे करावे, जसे सिनेमागृहात करतात, ही कल्पना पुढे आली. आणि ज्या १९७२ साली २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण सुरू झाले, त्याच वर्षी अमेरिकेत हेन्री क्लॉस या कल्पक यंत्रकाराने सात फुटी पडद्याचा घरगुती प्रोजेक्शन संच बाजारात आणला. पुढे पडदा आणि नळ्या एकाच पेटीत बसविण्यात आल्या आणि मामांच्या सोप्यातला प्रकार जन्मास आला.

या पेटीच्या तळाशी सात-सात इंचांच्या तीन चित्रनलिका, तोंडे वर करून, शेजारी शेजारी बसविलेल्या असतात. एक तांबडी, मधली हिरवी आणि एक निळी. प्रत्येकीच्या आत एकाच रंगाने उजळणारा प्रस्फुरक लेप असतो, आणि सुमारे ३० हजार व्होल्टच्या ओढीने धावणारे इलेक्ट्रॉन त्या लेपावर आदळून त्याला पेटवितात. प्रत्येक नळीवर भिंगांचा एक संच, मागच्या बाजूस वर एक तिरका मोठा आरसा, आणि समोर पडदा. तळातून निघालेला उजेड आरशावर वळून पडद्याच्या पाठीवर पडतो आणि तेथे तीन रंगांची तीन चित्रे एकमेकांवर अचूक बसून एक चित्र होते. पडदाही दुहेरी असतो. आतला पत्रा फ्रेनेलच्या भिंगाचा, म्हणजे ज्या फ्रेंच शास्त्रज्ञाचे पायऱ्यापायऱ्यांचे पातळ भिंग १८२३ साली फ्रान्समधील कोर्दुआँच्या दीपस्तंभावर प्रथम उजळले त्याच्याच तत्त्वावर, परंतु प्लास्टिकमध्ये बारीक वर्तुळाकार खाचा पाडून केलेला. बाहेरच्या पत्र्यावर उभ्या बारीक पन्हळी असतात, आणि त्या उजेड डावीकडे-उजवीकडे पसरवितात, वर-खाली मात्र फारसा पसरवीत नाहीत. बसलेल्यांच्या डोळ्यांना मिळणारा प्रकाश उभ्या माणसावर वाया घालवायचा नाही, असा हा काटकसरीचा बंदोबस्त.

काटकसर का, तर वीतभर नळीवरचा उजेड पन्नास-साठ पट क्षेत्रफळावर ताणायचा असतो. त्यासाठी नळी इतक्या जोरात पेटवावी लागते की तिच्या तोंडाची काच तापून तडकण्याची भीती असते. आणि येथे या यंत्रातील मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट येते. प्रत्येक नळीचे तोंड आणि तिच्यावरचे पहिले भिंग यांच्यामध्ये एक बंदिस्त कुपी असते आणि त्या कुपीत इथिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन यांसारख्या पदार्थांचे नितळ द्रव मिश्रण भरलेले असते. तो द्रव काचेची उष्णता वाहून नेतो, आणि दुसरे कामही करतो. काचेची गोटी ग्लिसरीनमध्ये सोडली तर ती जवळजवळ दिसेनाशी होते, कारण दोहोंमधून जाताना प्रकाश सारखाच वळतो. त्याच न्यायाने या द्रवामुळे नळी आणि भिंग यांच्यामध्ये हवेचा पडदा राहत नाही, उजेड मधल्या मध्ये परावर्तित होऊन चित्र धुरकट होत नाही. म्हणजे ज्या यंत्राला पाण्याच्या थेंबापासून जपावे असे आपण समजतो, त्याच्या पोटात त्याचे स्वतःचे पाणी तीन कुप्यांत भरून ठेवलेले असते.

दुरुस्तीसाठी जे कारागीर पलूसहून आले ते पंपाच्या मोटारी भरण्याच्या कामातून टीव्हीकडे वळलेले होते, आणि हे या मुलखाला साजेसेच म्हटले पाहिजे. ज्यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या कुंडलच्या माळावर कारखाना उभारला. आज ती किर्लोस्करवाडी याच तालुक्यात आहे आणि पंपांसाठी ओळखली जाते. नदीवरून ऊस-द्राक्षांच्या मळ्यांपर्यंत पाणी चढविणाऱ्या मोटारी दर पुरात बुडतात. त्या उपसून, उकलून, वाळवून, वार्निश देऊन पुन्हा उभ्या करणारी माणसे येथे बाजारपेठेत सहज भेटतात. वीज आणि पाणी यांची गाठ पडल्यावर काय होते हे त्यांना हाताने कळलेले असते.

मामांची घाई होती. पूर ओसरून तीन आठवडे झाले होते, पेटी बाहेरून कोरडी ठणठणीत वाटत होती, आणि एकदा बटण दाबून पाहण्यास काय हरकत आहे असे त्यांना वाटत होते. "आबा, पाण्यानं टीव्ही मरत न्हाई," कारागीर म्हणाले, "ओल्यात करंट सोडल्यानं मरतो. आधी ह्येला आंघोळ घालू या." आंघोळ हा शब्द त्यांनी अगदी अक्षरशः वापरला होता.

यातले शास्त्र असे. शुद्ध पाणी विजेचे फारच क्षीण वाहक आहे; वीज वाहते ती पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. कृष्णेच्या पुराचे पाणी म्हणजे रानातील खते, गटारे, आणि काठच्या क्षारपड जमिनींवरचे मीठ हे सगळे बरोबर घेऊन आलेले पाणी. त्यात आपली काळी माती बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून झालेली, तिच्यातील चिकण कण इतके बारीक की जेथे पाणी शिरते तेथे तेही शिरतात, ओल धरून फुगतात, वाळल्यावर आकसून भेगाळतात, परंतु सुटत नाहीत. पाणी आटते, क्षार आणि माती मात्र यंत्राच्या सर्किट-पट्ट्यांवर पातळ साय धरल्याप्रमाणे बसतात. पुढल्या आषाढ-श्रावणात हवा दमट झाली की ती साय पुन्हा ओलावते. अशा ओल्या सायीतून दोन तांब्याच्या रेघांमध्ये वीज वाहिली की धन बाजूचे तांबे विरघळून ऋण बाजूवर झाडाच्या फांद्यांसारखे साचत जाते आणि अखेर दोन्ही रेघा जोडल्या जातात. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे जुन्या बायकांना सांगावे लागत नसे. येथेही धातूचे कळकणेच आहे, फक्त विजेच्या हाताने शंभरपट जलद झालेले. पूर चढताना गावचा वीजपुरवठा बंद झाला होता आणि संचाची पिन काढलेली होती, म्हणून हा संच वाचण्याची आशा तरी होती. केवळ रिमोटने बंद केलेला संच आतून अर्धवट जागाच असतो, आणि तसा तो बुडाला असता तर धुण्यासारखे काही उरले नसते.

मागची फळी उघडल्यावर कारागिरांनी पहिले काम केले ते साठलेली वीज उतरविण्याचे. चित्रनलिका स्वतःच एक विजेची बरणी असते, आणि पिन काढून किती दिवस झाले याच्या भरवशावर तिच्या रबरी टोपीखाली हात घालणे प्राणावर बेतू शकते. लांब मुठीच्या पेचकसाला तार बांधून, तिचे दुसरे टोक नळीच्या धातूच्या वेष्टनाला जोडून, एक हात पाठीमागे ठेवून त्यांनी तिन्ही टोप्यांना पाळीपाळीने स्पर्श केला. हे काम ज्याने शिकून घेतले नाही त्याने करू नये, हे येथे स्पष्ट लिहिणे मी माझे कर्तव्य समजतो.

मग पट्ट्या एकेक सुटू लागल्या. प्रत्येक जोडाला खूण म्हणून रंगीत दोरा बांधला गेला, आणि तेव्हाच एक गोष्ट उघड झाली. सगळ्या पट्ट्यांवर चिखलाचा राखाडी, कोरडा थर होता. परंतु निळ्या नळीच्या बरोबर खाली, तळहाताएवढ्या जागेत, तो थर कोरडा नव्हता. तेथे पट्टी चकचकीत दिसत होती, बोट लावले तर चिकटत होते, आणि तांबे हिरवे पडून काही रेघा पार खाऊन टाकल्या होत्या. कारागिरांनी वर पाहिले. निळ्या नळीच्या कुपीचे रबरी बूच वयोमानाने कडक होऊन भेगाळले होते आणि त्यातून आतला द्रव थेंबथेंब कैक महिने ठिबकत आला होता. पूर येण्यापूर्वी वर्षभर मामांची तक्रार होती की खेळाडूंच्या अंगाभोवती निळी-तांबडी किनार दिसते; तिचे कारण आता सापडले. पुराच्या पाण्यावर ज्याचा आळ घेतला गेला असता तो अपराध त्यापूर्वीच घरातल्या पाण्याने केलेला होता. आणि हे घरातले पाणी अधिक चिवट, कारण ग्लायकॉल सहजी उडून जात नाही, उलट हवेतील ओल शोषून घेते. ते जेथे पडते तेथे कायम ओले राहते.

सगळ्या पट्ट्या अंगणात नळाच्या स्वच्छ पाण्याखाली मऊ कुंचल्याने धुतल्या गेल्या. नंतर, नळाच्या पाण्यातही क्षार असतात म्हणून, बॅटरीच्या दुकानात मिळणारे पाणी, म्हणजे ऊर्ध्वपातित जल, त्यांवरून दोनदा ओतले. त्यानंतर स्पिरिटसारखे उडून जाणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल, जे मोबाइल दुरुस्त करणाऱ्यांच्या टेबलावर नेहमी दिसते; ते उरलेल्या पाण्यात मिसळते आणि त्याला बरोबर घेऊन जाते. शेवटी पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात, कोंबडीची पिल्ले ऊब देऊन ठेवतात त्याप्रमाणे, एक मिणमिणता दिवा लावून त्या पट्ट्या पाच दिवस ठेवल्या. उन्हात नाही, कारण कडक उन्हाने वरचा भाग कोरडा होतो आणि चिपांच्या पोटाखालची ओल तशीच राहते, आणि प्लास्टिकच्या भागांना बाक येतो तो पुन्हा सरळ होत नाही.

काही वस्तू धुऊन सुधारत नाहीत. ध्वनिवर्धकाचे कागदी शंकू लगदा झाले होते. भुशाच्या दाबलेल्या फळीचा तळ पाण्यात भिजलेल्या बिस्किटासारखा फुगून सुटला होता, तो सुताराकडून प्लायवूडचा करवून घेतला. विद्युत्-धारकांपैकी ज्यांच्या बुडाशी ओलावा दिसला ते सरसकट बदलले. खाल्लेल्या तांब्याच्या रेघांवर बारीक तार अंथरून डाग दिला गेला, आणि ते पाहताना मला लहानपणीचा कल्हईवाला आठवला. तोही कथीलच वापरी, तोही धातूवरचा मळ उतरविण्यासाठी नवसागर टाकी, आणि येथे त्याच कामासाठी राळ होती. शुद्ध कथील २३२ अंशांवर वितळते. त्यात योग्य प्रमाणात शिसे मिसळले की ते १८३ अंशांवरच पातळ होते, म्हणून नाजूक भाग न जळता सांधा बसतो.

आरशाला मात्र कारागिरांनी हात लावू दिला नाही. पाणी तेथवर पोचले नव्हते, पण दमटपणाचे धुकट पुट त्यावर होते आणि मामी ओले फडके घेऊन पुढे झाल्या होत्या. घरच्या आरशाला नखाचे टोक टेकवले तर नख आणि त्याचे प्रतिबिंब यांच्यामध्ये थोडे अंतर दिसते, कारण चांदीचा मुलामा काचेच्या पाठीमागे असतो. या आरशावर नखाचे टोक प्रतिबिंबाला थेट भिडते. मुलामा समोरच्या अंगावर आहे. मागून मुलामा असता तर काचेच्या दोन्ही अंगांवरून दोन प्रतिबिंबे उमटून चित्राला सावली पडली असती, म्हणून ही सोय. परंतु तिची किंमत ही की साधे फडके फिरवले तरी मुलाम्यावर ओरखडे उठतात आणि ते जन्मभर राहतात. त्या आरशावरून ऊर्ध्वपातित पाणी नुसते ओघळू दिले गेले आणि तो तसाच उभा निथळत ठेवला.

कुपीतला द्रव बदलणे हे दुरुस्तीचे हृदय. नळी सोडवून, कुपी उघडून, आतले जुने मिश्रण एका बाटलीत काढले गेले. ते गढूळ झाले होते आणि तळाशी शेवाळासारखे काही तरंगत होते. चित्रातला निळा रंग इतके दिवस दुधाळ का दिसत होता तेही मग कळले. ही बाटली लगेच बंद करून उंच फळीवर ठेवली, कारण इथिलीन ग्लायकॉल गोडसर असून विषारी आहे आणि मुलांना किंवा जनावरांना त्याची भुरळ पडू शकते. मोटारगाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते कूलंट चालेल का, असे मी विचारले. चालत नाही, मूळ रसायन तेच असले तरी त्यात रंग आणि गंज रोखणारे क्षार मिसळलेले असतात, आणि येथे तर त्या द्रवातूनच चित्र पाहायचे असते. शुद्ध मिश्रण, नवे रबरी बूच, आणि भरताना एकही बुडबुडा राहू नये म्हणून कुपी तिरपी धरून थेंबाथेंबाने भरणे, यात एक अख्खी दुपार गेली.

पहिल्यांदा वीज सोडली ती थेट नाही. आपल्याकडील दुरुस्तीकारांची एक साधी, फार शहाणी रीत आहे. संच आणि भिंतीची वीज यांच्यामध्ये जुन्या धर्तीचा तारेचा दिवा जोडायचा, ज्याला ते सिरीज म्हणतात. आत कोठे जोड लागला असेल तर सगळी वीज दिव्यातच खर्च होते, दिवा लख्ख पेटून राहतो आणि यंत्र बचावते. आत सर्व ठीक असेल तर दिवा क्षणभर उजळून मंदावतो. २०० वॅटचा तो दिवा उजळला, सगळ्यांच्या चेहऱ्यांवर पिवळा उजेड पडला, आणि हळूहळू तो विझत आल्यासारखा झाला. मामांनी तेवढ्यावरच हात जोडले. अजून बरेच बाकी होते. उच्चदाबाच्या भागातून फुसफुस ऐकू येत होती आणि अंधार केल्यावर तेथे जांभळी आभा दिसत होती, म्हणजे ओल तेथे घर करून राहिली होती. तो भाग भंगारात निघालेल्या दुसऱ्या संचातून आणून बसवावा लागला.

राहिले ते तिन्ही रंग एकमेकांवर बसविण्याचे काम. बॅटरीचा झोत भिंतीवर सरळ टाकला तर वर्तुळ उमटते, तिरका टाकला तर ते एका बाजूस पसरते. तांबडी आणि निळी नळी मधल्या हिरवीच्या बगलेस असल्यामुळे त्यांची चित्रे अशीच एका बाजूस पसरतात. ती ओढूनताणून चौकोनी करण्यासाठी प्रत्येक नळीच्या गळ्यात एक जादा वेटोळे असते, आणि त्याला वीज पुरविणाऱ्या, दुरुस्तीकार ज्यांना एसटीके म्हणतात त्या चिपा फार तापतात आणि या संचांत हमखास निकामी होतात; मामांच्या संचात त्यांतली एक द्रवाने आणि दुसरी पुराने गेली होती. त्या बदलल्यावर पडद्यावर आडव्या-उभ्या रेघांची जाळी आणली गेली. आधी तांबड्या-निळ्याची तोंडे झाकून हिरवी जाळी सरळ केली, तीच प्रमाण. मग तिच्यावर तांबडी आणली आणि जेथे जेथे दोन्ही जुळल्या तेथे रेघ पिवळी झाली. मग निळी, आणि पिवळ्या रेघा एकेक करून पांढऱ्या होऊ लागल्या, मध्यापासून कडांकडे.

रात्रीचे अकरा वाजले होते. शेजारची मुले सतरंजीवर बसल्या बसल्या झोपली होती. उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात निळी रेघ जवभर बाहेर राहिली. निळ्या रंगातला बारकावा डोळ्याला कमीच कळतो, म्हणून बसून पाहणाऱ्यास तो फरक जाणवणार नव्हता, पण कारागिरांनी पुन्हा दोनदा प्रयत्न केला आणि मग पेचकस खिशात ठेवला. मागची फळी लावण्यापूर्वी त्यांनी मामींकडून एक पांढरा टिपकागद मागून घेतला आणि निळ्या नळीच्या बरोबर खाली, नव्या तळफळीवर, चार टाचण्यांनी तो पक्का केला. पुन्हा थेंब पडला तर फळी उघडताच तो दिसावा म्हणून.